रानसूर्यफुलाला फुलू न देणाऱ्या अक्का

अक्कांना मी प्रथम पाहिलं तेव्हा त्या थुंकत होत्या. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण खोटं लिहिलेलं अक्कांना चालणार नाही. साक्री रस्त्यावर आमची एसटी पंक्चर झाली होती. प्रवासी लिंबाच्या सावलीत बसले होते. एक बाई मात्र रस्त्याकडेच्या उंच, पिवळ्या फुलांच्या झुडपाजवळ उभ्या राहून त्याचं पान चघळत होत्या आणि तोंड वाकडं करून थुंकत होत्या. मी टक लावून पाहतोय हे लक्षात येताच त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. "घ्या, खाऊन बघा. गुरं याला तोंड का लावत नाहीत ते कळेल." मी खाल्लं. धुळ्यापर्यंत तोंडाची चव गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा नवा व्याख्याता म्हणून रुजू झालो, तर विभागप्रमुखांच्या खुर्चीत त्याच बाई बसलेल्या.

विद्यार्थी त्यांना 'बाई' म्हणत, खेड्यापाड्यांतले लोक 'अक्का'. कालांतराने आम्ही सहकारीही अक्काच म्हणू लागलो. आज त्या साठी पूर्ण करत असताना त्यांच्या चाहत्यांपुढे चार शब्द लिहायचा मान मला मिळाला, याचा मनापासून आनंद होतो.

त्या झुडपाला आम्ही रानसूर्यफूल म्हणत असू. मूळ मेक्सिकोकडचं हे पाहुणं कुणीतरी बंगल्याच्या शोभेसाठी आणलं आणि ते कुंपणातून निसटून रस्त्याला लागलं. पान कडू, म्हणून गुरांचं भय नाही. बी हलकं आणि भरपूर, म्हणून वारा, पाणी, बैलगाडी, जे मिळेल ते वाहन त्याला चालतं. लोक त्याला शिव्या घालत. अक्कांनी मात्र त्याचा पाला कुजवून पाहिला. शेणखताला महिने लागतात, हा पाला थोड्या दिवसांत मातीला मिळत होता आणि त्यावर वाढलेल्या कपाशीची पानं काळीभोर दिसत होती. "चोर घरात शिरलाच आहे, तर त्याच्याकडून पाणी तरी भरून घेऊ," असं त्या म्हणत.

अक्कांचं माहेर बोदवडकडचं. त्या घरात तिखटाशिवाय पान हलत नाही. पण पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा महिनाभर माझ्या खोलीवर त्यांच्या घरचा डबा येत राहिला आणि त्यातल्या वरणात मिरचीचा मागमूस नसे. आईनंतर माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

त्यांची खरी ओळख मात्र मला पिंपळनेरकडच्या एका गावात पटली. तिथले हिरामण आबा कांदा पिकवत. अक्कांचं ऐकून त्यांनी, आणि त्यांच्यामागून साऱ्या गावाने, रानसूर्यफुलाचा पाला शेतात घातला. "फुलायच्या आत कापा, बी धरू देऊ नका," हे अक्कांनी इतक्यांदा बजावलं होतं की शाळेतली पोरंही ते घोकत असत. गावाने ते तंतोतंत पाळलं. पण आमच्या खानदेशात काडीसुद्धा वाया घालवायची रीत नाही. पाला ओरबाडल्यावर हातात सरळसोट दांडे राहिले. आबांनी ते नाल्याच्या ओल्या काठावर, कांद्याच्या रोपाभोवती कुंपण म्हणून रोवले. त्यांचं पाहून शेजाऱ्यांनीही रोवले.

दांड्यांनी मुळं धरली. पुढच्या पावसाळ्यात तिथं माणसाच्या दुप्पट उंचीची हिरवी भिंत उभी राहिली. गुरांची पाण्यावर जायची वाट बुजली आणि आबांचं कांद्याचं रोप सावलीत पिवळं पडून गेलं.

बातमी कॉलेजात आली, तेव्हा एका वरिष्ठांनी अक्कांना सल्ला दिला, "आपण कुठं सक्ती केली होती? आता तिकडं फिरकूच नका." अक्कांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या सकाळी मला घेऊन पहिली एसटी पकडली.

चावडीवर सारं गाव जमलं होतं. आबा उभे राहिले. "अक्का, तुम्हीन सांगं, आम्हीन लावं. आते हाई मना बठ्ठा बांध खाई ऱ्हायनं."

अक्का म्हणाल्या, "आबा, त्यानं तुमचा सगळा बांध खाल्ला, हे खरं. मी बियाचं सांगितलं, दांड्याचं सांगायचं राहिलं. माझ्या धुळ्याच्या अंगणात तो वाळून जातो, म्हणून इथंही वाळेल असं मी धरून चालले. चूक माझी आहे."

"चूक तुमनी शे, पन कांदा ते मना गया!"

अक्का उठल्या. पदर खोचला, विळा मागितला आणि नाल्याकडे चालू लागल्या. मग आबाच पुटपुटत मागे निघाले. "आते काय करानं? चला, बठ्ठा मिळीसन उपटूत."

त्यानंतर पाऊस संपेपर्यंत दर रविवारी अक्का त्या नाल्यावर होत्या. जमीन ओली असताना झुडपं मुळासकट उपटायची, पाला आबांच्या वाफ्यांत घालायचा आणि दांडे उघड्या खडकावर पसरायचे. वाकवून कट्कन मोडले, म्हणजे पुरते वाळले, तरच ते चुलीत घालायची परवानगी होती. त्या कामात मी दोनदा चिखलात लोळलो आणि दोन्ही वेळा अक्का माझ्याआधी हसल्या. त्या हिवाळ्यात आबांच्या वाफ्यांत कांदा असा धरला, की त्यांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती एक टोपली अक्कांच्या घरी पाठवली. निरोप काहीच नव्हता. टोपली पाहून अक्का ओसरीवर बसून रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

पाण्यापासून दूर, माळावरच्या खडकाळ पट्टीत गावाने खताच्या पाल्यासाठी थोडं रानसूर्यफूल राखलं आहे. पोळा झाला, बैल विसावले, की सारं गाव विळे घेऊन तिथं जातं आणि कळ्या उमलायच्या आत कापणी करतं. अक्का दरवर्षी असतातच. म्हणूनच त्या गावात अक्कांच्या आवडत्या झुडपाचं फूल कुणी बघितलेलं नाही, खुद्द अक्कांनीही तिथं नाही.

या ग्रंथासाठी दोन ओळी सांगा, असं विचारायला मी परवा आबांकडे गेलो होतो. आबा आता थकले आहेत. म्हणाले, "मी काय लिखसू? अक्काले सांगा, पोळा झाया का या. इळाले धार लायी ठेवेल शे."

अक्का, यापेक्षा मोठा गौरव आम्ही शहाण्यासुरत्यांनी मिळून लिहिला तरी जमणार नाही. आपले गुडघे शाबूत राहोत, नजर तेज राहो, आणि आपण शंभरी ओलांडावी. आपल्यासाठी धार लावलेला विळा तिथं वाट पाहतो आहे. आपण एक भाद्रपद जरी चुकवलात, तरी त्या माळावर फूल उमलेल. ते आम्हाला पाहायचं नाही.