रिळावरच्या पापण्या

"हसवू नको वं, पाणी येते," असं म्हणून ती करंगळी डोळ्याच्या कोपऱ्यावर हलकेच दाबायची. बाकीच्या बोटांना मशीनचं तेल लागलेलं असायचं, म्हणून करंगळी.

गांधीबागेत एका साडीच्या दुकानाच्या माडीवर आम्ही सहाजणी फॉल लावायचो, पिको करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुम्ही तिला पाहिलं असतं तर तुम्हालाही आधी तिच्या पापण्याच दिसल्या असत्या, लांब आणि काळ्याभोर. नवी आलेली पोरगी हटकून म्हणायची, बाई मोठी नखरेल दिसते. आम्ही खाली मान घालून फॉल टाचत राहायचो.

नखरा कसला! एका लांबलेल्या तापानंतर तिच्या भुवया आणि पापण्या झडल्या, त्या परत आल्याच नाहीत. दवाखान्यात तपासून झालं होतं. तो रोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण आपल्या लोकांना डॉक्टर कशाला लागतो? झडलेल्या पापण्या दिसल्या की महारोग म्हणायचं आणि पाण्याचा पेला वेगळा काढायचा. आधीच्या नोकरीत तिचा पेला असाच वेगळा झाला होता. आणि असता तो रोग, तरी माणसाला असं वागवायचं का? मला अजून राग येतो.

मग नाटकाच्या मेकअपचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून तिनं खोट्या पापण्या आणल्या. भुवया पेन्सिलीनं काढायची. नाटकातल्या बायका चार-दोन प्रयोगांत जोडी टाकून देतात, हिची मात्र महिनोन् महिने चालायची. पापणी कधी मधून ओढायची नाही, कडेनं सोडवायची. वाळलेला डिंक सुईच्या टोकानं काढायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. बाक जाऊ नये म्हणून रात्री रिकाम्या रिळावर बसवायची आणि रीळ तोंडाला लावायच्या स्नोच्या जुन्या बरणीत ठेवायची. कपाळाला तेल लावत नसे. इस्त्रीच्या वाफेपासून लांब बसायची. कांदा धाकट्या बहिणीकडून चिरून घ्यायची. सगळ्यात मोठं पथ्य रडण्याचं होतं, कारण पाणी आलं की कडा सुटायची.

आई-बाप गेल्यावर त्या धाकटीला हिनंच वाढवलं. तिला पारशिवनीकडचं स्थळ आलं. होणारी सासू पोरीपेक्षा हिच्याकडेच जास्त बघत होती. तिला शंका आली असती तर घरात तो रोग आहे, एवढ्या एका वाक्यावर लग्न मोडलं असतं. ती मला म्हणाली, "एकडाव हिचं लागू दे, मंग मी उघड्या डोयानं फिरीन."

लग्न भर मे महिन्यात, बुद्धविहाराच्या अंगणात. नागपूरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पांढऱ्या साडीत ती सावली धरून उभी होती, आणि घामानं डिंक विरघळू नये म्हणून मी पंखा हलवत होते. वंदना झाली, मंगल झालं, जेवणं उठली. पाठवणीच्या वेळी सगळी वस्ती रडली. ही मात्र डोळे ताणून, वर कडुलिंबाकडे बघत उभी राहिली. धाकटी हुंदके देत तिच्या गळ्यात पडली, आणि तशा रडण्यातही तिनं आपली करंगळी ताईच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर दाबून धरली. कडा सुटायला लागली होती, ते फक्त तिला आणि मला दिसलं.

"बहीण हाये का गोटा हाये?" सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

घरी आल्यावर तिनं दार लावलं. आधी पापण्या काढल्या, रिळावर बसवल्या, बरणीचं झाकण घट्ट केलं. मग भिंतीला टेकून इतकी रडली की मला तिच्याजवळ बसवेना.

उघड्या डोळ्यांनी ती कधीच फिरली नाही. पारशिवनीला जायची ती सकाळच्या एसटीनं, आणि संध्याकाळी परत. मुक्काम करायचा तर पापण्या काढून झोपावं लागणार. बहिणीच्या बाळंतपणातही ती राहिली नाही, आणि गोट्याच्या काळजाची म्हणून धाकटीला टोमणे बसत राहिले. धाकटी म्हणायची, सांगून टाकते सासूला. ही ऐकायची नाही. "तुले नांदाचं हाये तिथं," एवढंच म्हणायची.

पुढे काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली. पारशिवनीची माणसं यायच्या आत म्हणून मी बरणीतून रीळ काढलं आणि डिंक शोधायला लागले. आजारपणात येऊन राहिलेल्या धाकटीनं माझा हात धरला.

"राहू द्या. आता तरी तिचे डोये मोकये राहू द्या."

सासू आली, वाकली आणि तिनं ते बिनपापण्यांचे डोळे पाहिले. पदर नाकाला लावला आणि हळूच मागे सरकून बसली. धाकटीनं ते बघितलं, आणि ती आणखी पुढे सरकली. ताईचं डोकं मांडीवर घेऊन ती मोठ्यानं रडायला लागली, आणि रडता रडता सवयीनं तिनं करंगळी ताईच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर दाबली. तिथं सुटण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी तिनं ती तशीच दाबून धरली.