वाकडी पट्टी

कापडाच्या गिरणीत भिंगकाकांनी चौतीस वर्षं एकच काम केलं, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकायचं आणि सुटलेला धागा दिसला की काका खडूने फुली मारायचे. निवृत्त झाल्यावर ही नजर घरात मोकाट सुटली. भाजीच्या फोडी, पडद्याची शिवण, शेजाऱ्याचा भांग, कशाचीच सुटका होईना. शेवटी काकूंनी हात टेकले आणि काळं पेन व कोरे कागद त्यांच्यापुढे ठेवले. "काय विणायचं ते यावर विणा," म्हणाल्या.

काकांनी खरोखरच विणायला घेतलं. आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, एक वरून, एक खालून. पट्टी जिथे खाली शिरते तिथे बारीक रेघा दाट भरल्या की कागदावर चटई उठून दिसायची. दोन वर्षं घर शांत होतं.

पण गेला महिनाभर काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चटईच्या मध्यावर पट्टी वाकत होती. कागद फाडला, दुसरा घेतला, तेच. पेन बदललं, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला, दुकानदाराला कागद दमट आहेत म्हणून फैलावर घेतलं. "एकदा डोळे दाखवून या," काकू म्हणाल्या तेव्हा ते त्यांच्यावरच उखडले. थोरल्या भावाची दृष्टी गेली होती. डोळ्यांचा विषय निघाला की काका उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

आज सकाळी ते पाच वेळा बसले आणि पाच वेळा उठले. सहाव्यांदा स्टीलची फूटपट्टी घेतली, घट्ट दाबून रेघ ओढली. रेघ वाकडीच. मग त्यांनी नीट पाहिलं. फूटपट्टीही वाकडी होती.

काका खुर्चीत मागे टेकले. एका ताग्यात दोष आला तर धागा वाईट, हे गिरणीत ते नव्या पोरांना शिकवत. प्रत्येक ताग्यात तोच दोष आला तर धाग्याला बोल लावायचा नाही, माग थांबवायचा. त्यांनी उजवा डोळा झाकला, फूटपट्टी सरळ. डावा झाकला, वाकडी. त्यांनी आलटून पालटून कितीतरी वेळा पाहिलं. ते घाबरले होते, चांगलेच घाबरले होते.

"अगं," त्यांनी हाक मारली. काकू हात पुसत आल्या. "दोष कागदात नाही. माझ्या उजव्या डोळ्यात आहे."

"माहीत आहे मला. महिनाभर पाणी पेल्याबाहेर ओतताय तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही कागद बदललात."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते डोळे दाखवायला निघायचं म्हणून चपला शोधायला उठले. चपला दाराशीच होत्या, पण काकूंनी काकांचा हात धरला आणि काकांनी तो सोडवून घेतला नाही.