संभाजीच्या गाडीचा आवाज

कसबा पेठेतल्या ज्या गल्लीत शरदभाऊ जन्मले आणि म्हातारे झाले, त्या गल्लीत चारचाकी शिरत नाही. शिरलीच तर ती उलटी बाहेर काढायला अर्धी आळी लागते आणि उरलेली अर्धी सल्ला द्यायला. अशा गल्लीतल्या माणसाने जन्मभर लोकांच्या गाड्या उंच करायचा धंदा करावा, हा विनोदच म्हणायचा. स्वतः भाऊ शेवटपर्यंत स्कूटरवर फिरले. वाडवडील तांब्याचे हंडे ठोकायचे, यांनी लोखंड धरलं. ट्रकचे कमानपाटे तापवायचे, ठोकायचे, हवा तेवढा बाक द्यायचा. पुढे ट्रकवाले तयार पाटे विकत घेऊ लागले आणि हौशी पोरं पिकअप घेऊन दारात उभी राहू लागली. मग भाऊंनी हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि बाहेर पाटी लावली : ‘गाडी उंच करून मिळेल. त्यामुळे मालकाची उंची वाढत नाही.’

पाटी वाचून गिऱ्हाइकं रागवायची, पण परत जात नसत. हौसेला मोल नसतं आणि मानही नसतो, असं भाऊ म्हणायचे.

मांजरीचा संभाजी मात्र त्या पाटीखाली उभा राहून पोट धरून हसला होता, म्हणून तो त्यांच्या लक्षात राहिला. ऊसवाल्या घरातला एकुलता एक पोरगा. निम्मी जमीन इमारतींखाली गेलेली, निम्मीत अजून ऊस. त्याला पिकअपला चिखलात चालणारे मोठे टायर हवे होते.

“कशासाठी?” भाऊंनी विचारलं.

“मित्रमित्र जातो मुळशीकडं. ओढ्यात, चिखलात गाडी घालायची. ऑफरोडिंग, काका.”

“म्हणजे वडिलांनी जन्मभर जो चिखल तुडवला, तो आता आपण डिझेल जाळून शोधत फिरणार. उत्तम. या आत.”

नुसते टायर मोठे करून भागत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो, खड्ड्यात गाडी बसली की वर आपटतो. म्हणून आधी गाडी उचलावी लागते. भाऊंनी मागच्या कमानपाट्यात पोलादी पट्टीचं एक जादा पान घातलं, पुढे उंच स्प्रिंगा आणि लांब शॉकअब्सॉर्बर बसवले, मडगार्डची आतली कड कापून घासून गुळगुळीत केली. संभाजी कामाचे तीनही दिवस तिथेच स्टूल टाकून बसला. मधूनच म्हणायचा, “काका, अजून थोडी उंच?” भाऊ म्हणायचे, “अजून उंच केली तर आपल्याला विमानाचं लायसन लागेल.” जाताना त्याने टायरखाली लिंबू ठेवलं, भाऊंच्या पाया पडला आणि गाडी रस्त्यावर काढली. त्या टायरांना रबराचे मोठे मोठे ठोकळे असतात, डांबरी रस्त्यावर ते गुणगुणतात. पिकअप दिसेनाशी झाली तरी घुंऽऽ असा आवाज बराच वेळ येत राहिला. भाऊ मनातल्या मनात खूश झाले. तोंडाने म्हणाले, “गावाची झोपमोड करणार हा.”

पुढे तीन वर्षांनी, पावसाळ्यात, संभाजीला डेंगी झाला आणि तो गेला. लग्न ठरत आलं होतं. भाऊंना ते कळलं तेव्हा दहावं-तेरावं उरकून गेलं होतं. आता कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून ते गेले नाहीत. ती गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी तीच पिकअप शेडसमोर थांबली. गाडीतून एक म्हातारा हँडल धरून, पोटावर घसरत खाली उतरला. संभाजीचे वडील, गेनबा.

“ही खाली करा,” ते म्हणाले. “कंपनीची व्हती तशी. माझं गुडघं गेल्यात, चढाय येत न्हाई.”

जुने टायर आणि स्प्रिंगा त्यांनी मागे टाकून आणल्याच होत्या. भाऊंनी कामाला हात घातला. मनात म्हणाले, खरंच आहे, म्हातारा माणूस किती दिवस माकडासारखा चढणार. काम संपलं. मोठे चार टायर भिंतीला टेकवून ठेवले, तेव्हा गेनबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, “हे कुनाला विकू नका. कापून टाका.”

“अहो, चांगले आहेत अजून. कोणीही घेईल.”

“म्हनूनच कापा.” गेनबा खाली बसले. “गुडघ्याचं दुनियेला सांगायचं. खरं सांगू का? हा आवाज मला घरात नको. पोरगं सांजच्याला मळ्यातनं यायचं, वळनावर आला की आवाज घरात पोचायचा. मंग त्याची आई उठायची, चुलीवर तवा टाकायची. तो हातपाय धुवून बसेस्तोवर गरम भाकरी ताटात. आता गाडी म्या आनतो. आवाज आला की ती तशीच उठती, तवा टाकती, भाकरी थापती. म्या दारात येतो, तर ती माझ्याकडं बघती न्हाई. माझ्या मागं बघती.”

भाऊ हातातला पाना फडक्याने पुसत राहिले.

“येडी व्हायची ती अशानं,” गेनबा म्हणाले. “न्हाई तो आवाज, तर न्हाई ती वाट बघनं. तुमी कापा. ह्या रस्त्याला ते टायर पुन्हा फिरले न्हाई पायजेत.”

त्यांच्या देखत भाऊंनी ग्राइंडरने चारही टायर कापले. कापून निम्म्या झालेल्या टायरांत शेजारचा गोठेवाला म्हशींना पाणी पाजू लागला. भाऊंना वाटलं, आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

संक्रांतीच्या सुमारास शेडमध्ये एक बाई आली. त्या शेडमध्ये बाई कधी आलेली नव्हती. मांजरीहून बसने येऊन, विचारत विचारत ती पोचली होती. डोक्यावर पदर, पायांतल्या वहाणांवर धूळ. “म्या विजयमाला,” ती म्हणाली, “संभाजीची आई.” भाऊंनी गडबडीने स्टूल पुसून पुढे केलं.

“दादा, संभाजीच्या गाडीचे टायर हायती का?”

“नाहीत, बाई.”

“इकले?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. एरवी भाऊ गिऱ्हाइकाला दहा थापा मारायचे. पण त्या बाईसमोर जीभ वळली नाही. “कापले. गेनबांनी सांगितलं म्हणून. त्यांना वाटलं, तो आवाज ऐकून आपण अजून मुलाची वाट बघता. आपल्या जीवाला ते बरं नाही.”

विजयमालेने भिंतीकडे बघितलं. रडली नाही.

“येडी न्हाई म्या, दादा,” ती म्हणाली. “दवाखान्यात त्याचा हात माझ्या हातात थंड झाला. तो येनार न्हाई हे मला ठावं न्हाई का? पर दिवसभर अंग उचलत न्हाई. कशाला उठायचं, काय करायचं, कळत न्हाई. तेवढा आवाज आला की उठू वाटायचं. हात आपसूक पिठात जायचं. कुनासाठी का हुईना, चूल पेटायची. आता दिवेलागन हुती, हे दारात येत्यात, मला पत्ताबी लागत न्हाई. सकाळच्या गार भाकरी ते आपल्या हातानं घेत्यात, खात्यात. म्या बसलेली तशीच असती.”

“मग हे आपण त्यांना का नाही सांगितलं?”

“ते पोराचं नाव काढत न्हाईत. म्या काढलं की उठून गोठ्यात जात्यात. मला रडाया येईल म्हनून जात्यात का त्यांना येईल म्हनून, देवाला ठावं.”

चाळीस वर्षं एका चुलीवर जेवलेली दोन माणसं एकमेकांना जपायला गेली आणि त्या जपण्यात दोघंही उपाशी राहिली. भाऊंना स्वतःचीच चीड आली. टायर कापायच्या आधी एक शब्द तरी विचारायचा होता. जो माणूस नको तिथे शंभर शब्द बोलतो, तो नेमका तेव्हा गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्कूटर काढून मांजरीला गेले. मळ्याच्या बांधावर गेनबांना गाठून विजयमालाबाईंचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. गेनबा उसाच्या पाचटावर बसले.

“मला वाटलं, येडी झाली.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

“न्हाई,” गेनबा म्हणाले. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “पुन्हा बसवा. आज बसवा.”

आज कसले बसतात! त्या मापाचे, त्याच नक्षीचे टायर मिळेनात. भवानी पेठ, नाना पेठ, शेवटी चिंचवडपर्यंत भाऊ हिंडले आणि त्याच कंपनीचे चार नवे टायर घेऊन आले. पुन्हा जादा पान, पुन्हा उंच स्प्रिंगा. गाडी वर झाल्यावर गेनबा तिच्याकडे बघत उभे राहिले, तेव्हा भाऊ म्हणाले, “दाराखाली पायरी लावून देतो. आपले गुडघे तर खरोखरच गेलेत.”

“नको. त्याच्या गाडीला पायरी नव्हती.”

ठरलं असं, की भाऊंनी आधी घरी जाऊन बसायचं आणि गेनबांनी सांजेला रोजच्यासारखं मळ्यातून यायचं. भाऊ गेले तेव्हा विजयमाला उंबऱ्यात बसली होती. आज गाडी येणार, हे भाऊंच्या निरोपावरून तिला ठाऊक होतं. तिने अंगण झाडलेलं होतं, परातीत पीठ काढून ठेवलेलं होतं. समोरच्या इमारतींत दिवे लागू लागले.

मग वळणावरून आवाज आला.

भाऊंनी तो ऐकला आणि त्यांना कळलं, हा तो नव्हे. नव्या टायरांचा आवाज एकसुरी, गुळगुळीत. संभाजीचे टायर तीन वर्षं दगडधोंड्यांत झिजलेले, एका अंगाने जास्त खाल्लेले. त्यांचा सूर मध्येच तुटायचा, पुन्हा लागायचा. धंद्यातल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. पण टायर म्हणजे टायर, माप आणि नक्षी जुळली की झालं, अशी भाऊंची समजूत. झीज कुठून आणायची?

विजयमालेने कान देऊन ऐकलं. आणि मग, परका माणूस दारात यावा तसा तिने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला. तिच्याही नकळत झालं ते. भाऊंनी बघितलं. भाऊंनी बघितलं हे तिनेही बघितलं.

गाडी अंगणात थांबली. गेनबा हँडल धरून घसरत खाली आले. त्यांना दम लागला होता. पोरासारख्या घाईने ते दारापर्यंत आले आणि बायकोच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

“आला का गं?” त्यांनी विचारलं. “आपल्या संभाचा आवाज?”

पोर गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं.

विजयमालेने वर बघितलं. “आला की,” ती म्हणाली. “तसाच हाय. हातपाय धुवा तुमी, तवा टाकते.”

आणि ती उठली. चूल पेटली, पिठावर हात पडायला लागले. गेनबा हौदापाशी तोंड धुता धुता रडत होते आणि अधूनमधून हसत होते. भाऊंना त्यांनी आग्रह करून शेजारी जेवायला बसवलं. “तुमचं उपकार झालं,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. “माझी बायकू उठली. आता रोज ह्याच गाडीनं येनार म्या, गुडघं ऱ्हावोत का जावोत.”

भाऊ चुलीकडे बघत राहिले. ही बाई आता रोज सांजेला त्या परक्या आवाजाला उठणार होती, रोज भाकरी थापणार होती, म्हाताऱ्यासाठी. तिचा स्वतःचा आवाज म्हशींच्या पाण्यात पडून होता.

तिने तव्यावरची भाकरी काढली आणि त्यांच्या ताटाशी आणून धरली. “घ्या, दादा, गरम हाय,” ती म्हणाली. तिची नजर त्यांच्यावर होती, काही बोलू नका म्हणून. शरदभाऊंनी मान खाली घातली आणि भाकरी घेतली.