गळलं नाही तर पाडणार नाही

दुसऱ्याचं घर वाचवण्यासाठी खुद्द घरमालकाशी भांडणारा माणूस आमच्या डहाणूत एकच झाला, तो म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा मामा. हे मामा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. स्वतः पत्र्याच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचे. पण गावातलं प्रत्येक जुनं घर त्यांना आपल्याच गोतावळ्यातलं वाटे. कुणाच्याही घरी गेले की आधी वर वाशांकडे बघायचे आणि मग माणसांकडे. माझं लग्न ठरायच्या वेळी ते आमच्या कोसबाडच्या घरी आले, तेव्हा माझं शिक्षण, नोकरी, काही म्हणता काही विचारलं नाही. चहा संपेपर्यंत मान वर करून बसले आणि उठताना वडिलांना म्हणाले, "आढं सरळ आहे. मुलगी द्यायला हरकत नाही."

मामांच्या खिडकीसमोर एका शेटचं जुनं कौलारू घर होतं. सागवानी खांब, रस्त्याकडेला लांबलचक ओटा. नरपडहून मासळी घेऊन येणाऱ्या बाया त्या ओट्यावर टोपल्या टेकवून दम घ्यायच्या. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास शेटनी ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं आणि नगरपालिकेकडे परवानगी मागितली. हरकत आली ती एकट्या मामांची. सुनावणीला मीही गेलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, "मास्तर, तुमचा या घराशी संबंध काय?"

"मी रोज त्याच्या सावलीतून शाळेत जातो," मामा म्हणाले.

शेट शांतपणे उठले. गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "सावली मास्तरची, ने गळती माझी. पावसाळाभर मी घरात छत्री घेऊन बसते, ते पण लिहा साहेब."

सगळे हसले. सावलीचा हक्क कुठल्याच कायद्यात बसत नव्हता, त्यामुळे शेटना परवानगी मिळाली. बाहेर आल्यावर मामांनी त्यांना गाठलं. "शेट, नाही गळलं तर?"

"नाही गळला तर कशाला पाडू?" शेट सहज बोलून गेले.

ज्या माणसाला पेरूच्या झाडावर चढलेलं कुणी पाहिलं नव्हतं, तो दुसऱ्या दिवशी धोतराचा काचा मारून शेटच्या छपरावर होता. वैशाखातल्या उन्हात एकेक कौल काढायचं, झाडायचं, फुटकं बदलायचं, पुन्हा बसवायचं. खाली मामी ओट्याचा खांब धरून उभ्या. मासळीवाल्या बाया म्हणत, "मास्तर, उतरा, मामींचा जीव जातो," आणि मास्तर वरून म्हणत, "तिला सांगा, इथून समुद्र दिसतो." तो पावसाळा घर गळलं नाही. मग दरवर्षी मे महिन्याची सुट्टी लागली की मामा छपरावर. शेट खालून चहा पाठवत आणि परवानगी कपाटात ठेवून देत. मला आधी हसू यायचं, पुढे पुढे मी मान वर करून नुसता बघत राही.

मग एका वर्षी मामांच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली. आषाढात पाऊस असा लागला की रस्ता दिसेना. शेट मामांना बघायला आले. मामांनी उशीवरून मान उचलली. "गळलं?"

"एक थेंब पण नाही," शेट म्हणाले.

मामांनी मान पुन्हा उशीवर टेकली. शेटना सोडायला मी दारापर्यंत गेलो. शेटच्या सदऱ्याचा खांदा भिजून काळा झाला होता. हळूच म्हणाले, "घरभर भांडी मांडली आहे. स्वयंपाकाला एक उरला नाही."

"मग आता पाडणार?"

"आता नाही. त्यांना खिडकीतून दिसते ने."

मामा होते तोवर घर उभं राहिलं. ते गेल्यावर पुढल्या वर्षी घर पाडायला माणसं आली, तेव्हा शेट गावात नव्हते. वेवजीला काही कामासाठी गेलेत, असं मुकादम म्हणाला. वेवजीला त्यांचं कोणतं काम होतं, ते मी कधी विचारलं नाही.