कानसेन आणि मीटरचं चाक

कानसेन हे काही त्याचं घरच्यांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते त्यानं स्वतःच्या कानांनी कमावलेलं. पाइपला कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि पाणी कुठं अडलंय ते बिनचूक सांगायचं. शेजारच्या मळ्यातला पंप कुरकुरला तरी ह्याच्या हातातला घास थांबायचा. बायकोची हाक मात्र तिसऱ्यांदा ऐकू यायची. "पंपाशीच संसार थाटायचा होतात," ती म्हणायची, आणि हा खूश होऊन हसायचा.

त्याची रोपवाटिका होती. आसपासचे शेतकरी बी आणून द्यायचे, हा रोपं करून द्यायचा. त्या वर्षी सगळी शेड ढोबळी मिरचीनं भरलेली. बी लोकांचं, आणि पेरायचे दिवस कधीच सरलेले. रोपं गेली असती, तर कुणाच्याच शेतात त्या हंगामात मिरची लागली नसती.

खत पिंपात कालवायचं आणि तिथून ते बारीक नळीनं पाण्याच्या पाइपात ओढलं जायचं. किती गेलं हे ठरवायचा कानसेनाचा कान. सुनेला ते पटेना. तिनं नळीवर एक मीटर बसवला. काचेमागं इवलंसं चाक. खत वाहिलं की चाक फिरणार, आकडा सरकणार.

"बाबा, आता अंदाजपंचे बंद."

"अगं, तुझ्या नवऱ्याला मी अंदाजानंच वाढवला. झाला की नाही ताडमाड?"

"उंचीनं झाला," सून म्हणाली.

एका सकाळी सून मागच्या शेडमध्ये ट्रे मांडत होती. कानसेनानं घाईघाईत गार पाण्यात खत कालवलं, कॉक उघडला, कान लावला. सूंऽऽ असा छान आवाज. डोळे उघडून पाहतो तो चाक ढिम्म! टिचकी मारली. फुंकर मारली. दोन शेलक्या शिव्याही घातल्या. चाक जागचं हलेना.

"मेला वाटतं मीटर," तो स्वतःशीच म्हणाला. कान सांगतोय खत जातंय, मग काचेतल्या त्या चिमुरड्याचं का ऐकायचं? पाना आणून त्यानं मीटर काढला, खिशात टाकला, नळी सरळ जोडली आणि कॉक सताड उघडला. मग तळ ढवळावा म्हणून पिंपात काठी घातली.

नळीला हिसका बसला. आवाज बदलला. सूंऽऽ गेलं आणि गटगट, गटगट सुरू झालं. पिंपातली पातळी डोळ्यांदेखत खाली चालली. मघाचा तो सूंऽऽ खताचा नव्हताच! न विरघळलेल्या ढेकळांनी तळाची जाळी बुजवली होती आणि सैल जोडातून नुसती हवा ओढली जात होती. काठीनं ढेकळं हलली नि जाळी मोकळी झाली. चाक खरं बोलत होतं.

त्यानं कॉक बंद केला. पण गेलं किती? ते सांगणारा त्याच्या खिशात.

गप्प बसता आलं असतं. कोण बघत होतं? शेडमधली रोपं तर अजून मजेत डुलत होती. जास्तीचं खत मुळं जाळतं, पण लगेच नाही. आधी सगळं हिरवंगार दिसतं. त्यानं एकदा रोपांकडं पाहिलं आणि हाक मारली, "सूनबाई! धाव गं!"

तिनं सरळ जोडलेली नळी पाहिली, उतरलेलं पिंप पाहिलं. "मीटर कुठंय?"

त्यानं खिशातून काढून दिला.

"आता रोपं धुवायची तरी किती? कमी पडलं तर मुळं जळतील, जास्त झालं तर देठ कुजतील. पिंप कुठवर भरलं होतं, आठवतंय?"

"कडीच्या खाली बोटभर."

"नक्की?"

"ते डोळ्यांनी बघितलंय," तो हळूच म्हणाला. "कानानं नाही."

तिनं नळाच्या नळीला मीटर जोडला आणि पिंपात साधं पाणी सोडलं. जेवढं भरावं लागेल, तेवढंच खत गेलेलं. चाक भिरभिरू लागलं. दोघं पिंपावर वाकलेली. पाणी चढत गेलं, आकडा चढत गेला, आणि कानसेन मनात म्हणत होता, थांब रे बाबा, आता तरी थांब.

पाणी खुणेला टेकलं. सुनेनं आकडा वाचला.

"नेहमीच्या तिप्पट."

मग तिनं हिशेबानं पाणी सोडलं. तो ट्रेखाली निथळणारं पाणी बघत उकिडवा बसला. दुपारी बायको ताट घेऊन आली, तर पहिल्याच हाकेला "ओ" दिली त्यानं. ती घाबरलीच. "बरं वाटत नाही का हो?"

संध्याकाळी, खत सगळ्यात आधी जिथं पोचलं त्या नळाजवळच्या रांगेतली पानं कडेनं करपली. सकाळपर्यंत ती रांग आडवी झाली. बाकीच्या रांगा उभ्या होत्या. कानसेनानं एकेका ट्रेवरून तळवा फिरवला. शेवटच्या ट्रेपाशी पोचल्यावर कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. गेलेल्या रांगेचा शेतकरी आला, तेव्हा ह्यानं स्वतःच्या वाफ्यासाठी राखलेली रोपं त्याच्या पुढ्यात ठेवली.

पुढच्या खताच्या दिवशी मीटर परत नळीवर, जोड घट्ट आवळलेले, खत कोमट पाण्यात विरघळवलेलं. कानसेनानं सवयीनं पाइपला कान लावला. सून मागं येऊन उभी राहिली.

"काय म्हणतोय पाइप?"

"म्हणतोय," डोळे न उघडता तो म्हणाला, "आधी चष्मा आण."