फुकटचं नेट आणि सुगंधाबाईंची हाळी

सुगंधाबाई चिकलठाण्यात एका बांधकामावर विटा उचलायच्या. पूर्वी तिथं माळ होता आणि त्यावर त्यांच्या भावाची मेंढरं चरायची. त्याचं त्यांना फार वाटत नसे. "माळ गेला, मेंढरं हलली. आमी बी हललो," एवढंच म्हणायच्या. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे. साहित्याची पदवी होती, नोकरी नव्हती.

ती दुष्काळाची वर्षं. कन्नडकडचे त्यांचे भाऊबंद मेंढरं घेऊन पाण्यामागं पांगले होते. कुठल्या तळ्यात पाणी आहे, कोण शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो, हे सुगंधाबाई शहरातून कळवायच्या. ट्रकवाले, कंडक्टर, बाजाराला आलेली माणसं, सगळ्यांना विचारायच्या. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोलून टाकायच्या. त्या सांगतील तिकडं कळप वळायचे.

एका दुपारी आम्ही बसस्टँडवर गेलो होतो. मेंढरांचं औषध कन्नडच्या गाडीनं पाठवायचं होतं. गाडीतून उतरलेल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, घाटाजवळच्या तळ्याचं पाणी नासलंय, बकऱ्या मेल्या. सुगंधाबाईंचा भाऊ कडूबा त्याच तळ्याकडं निघाला होता. संध्याकाळी त्याचा कळप तिथं पाण्याला उतरणार होता.

मी पाण्याची बाटली आणायला गेले होते. ग्रुपवर कळवायचं, तर सुगंधाबाईंचा रिचार्ज संपला होता. मोबाईलवर फुकट वाय-फायचं नाव दिसलं. त्यांनी ते दाबलं. एक पान उघडलं. त्यानं आधी नंबर मागितला, मग मेसेजमधून आलेला कोड. त्यांनी दोन्ही दिलं.

मी आले तेव्हा त्यांचं व्हॉट्सॲप बंद पडलं होतं. तो कोड व्हॉट्सॲपचाच होता. आता दुसरंच कुणी त्यांच्या नावानं बोलू शकत होतं. मी विचारलं, कोड दिलात कशाला?

"पाणी पाजणाऱ्यानं नाव-गाव इचारलं तर लपवायचं नसतं. आमच्यात रीत हाय तशी."

त्यांनी माझा फोन मागून घेतला. कडूबाचा नंबर त्यांना पाठ होता.

फोन कडूबाच्या नव्या सुनेनं, अंबिकानं उचलला. लग्न नुकतंच झालेलं. सुगंधाबाईंशी ती फारशी बोललेली नव्हती. वाऱ्यानं आवाजही तुटत होता. तळ्यावर जाऊ नका, असं सुगंधाबाईंनी सांगितलं. पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्या तर आत्ताच ग्रुपवर लिवत्यात. आमच्या मोबाईलवर आलेला कोड मागत्यात. तुमचा नंबर अनोळखी हाय. अनोळखी माणसाचं ऐकू नका, हे आत्यांनीच सांगितलंय."

मी घाबरले. सुगंधाबाई हसल्या.

"सून लई शानी निघाली," त्या मला म्हणाल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, "बाई, माझं ऐकू नको. फोनचा आवाज मोठा कर अन् मेंढरांत धर."

त्या बाकड्यावरून उठल्या. तोंडाशी हात धरला आणि हाळी दिली. "हुर्रर्र... ये काळे, ये, हुर्रर्र..." सगळं स्टँड वळून बघू लागलं. कंडक्टर शिट्टी वाजवायचा थांबला. मी कुठं बघावं ते मला कळेना. त्यांनी पुन्हा हाळी दिली, आणखी मोठ्यानं.

फोनमधून आधी एक घंटी ऐकू आली. मग पुष्कळ घंट्या आणि मेंढरांचं बें-बें. काळी नावाची ती पुढारी मेंढी त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली होती.

"मेंढरं फोनकडं वळली, आत्या," अंबिका म्हणाली. "बोला."

कोड कुणालाच द्यायचा नाही, हे सुगंधाबाईंनी आधी सांगितलं. मग तळ्याचं. दुसऱ्या बिऱ्हाडांना फोन करायचं काम अंबिकाकडं दिलं. कडूबाचा कळप त्या संध्याकाळी सर्जेराव नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी प्याला.

व्हॉट्सॲप आम्ही परत मिळवलं, त्याला वेगळा पिन लावला. मग सुगंधाबाई ग्रुपवर बोलल्या, "पाणी पाजणाऱ्याला नाव-गाव सांगा. फुकट नेट देणाऱ्याला नाय. त्या नेटवर बातम्या बघा, गाणी ऐका. कोड, पासवर्ड, बँकेचं काय बी टाकू नका. अन् माझ्या नावानं कुणी काय मागितलं, तर आधी फोन करून हाळी मागा."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर असताना अंबिकाचा फोन आला. पुढं कुठं जायचं, हे तिला विचारायचं होतं. पण ती म्हणाली, "आधी हाळी द्या, आत्या."

सुगंधाबाईंनी डोक्यावरच्या विटा खाली ठेवल्या.