करीमचाचांचे जपानी हुकूम

इस्त्रीखाली कापड करपल्याचा वास आला, की मी आजही देऊळघाटच्या करीमचाचांच्या शिंपीकामाच्या दुकानात जाऊन पोचते. तेव्हा दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेले चाचा नुकतेच घरी परतले होते. मी तिथं बसून इंग्रजी क्रियापदं घोकत होते: सकर्मक, अकर्मक.

“चाचा, जपानीत कशी असतात हो?”

“मले काय मालूम, बेटी? आमाले निस्ते हुकूम होते. ‘केइरेई’ म्हंजे वाका.” ते पुन्हा इस्त्रीकडे वळले.

मी हौसेनं ओरडले, “केइरेई!”

चाचा गर्रकन वळून माझ्यापुढं कमरेत वाकले, आणि तसेच राहिले. मागं सदरा जळू लागला.

“चाचा, उठा ना!” मी रडत म्हणत राहिले. सरळ व्हायचा हुकूम कोणता, ते मी विचारलंच नव्हतं.